जुने नावाचं फोल्डर

३ मार्च, मंगळवार

ऑफिसात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवायची, हे माझं काम. घरच्या तक्रारींची नोंद कुणी मागत नाही, म्हणून त्या या डायरीत येतात. आजची तक्रार दादाची.

सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचं लिहायचं मशीन चालतच नाहीये. उघडतं आणि मिटतं. काल मधेच अडकून बसलं होतं म्हणून मी बटण दाबून बंद केलं. तेव्हापासून असं करतंय."

अर्धी रजा टाकून गेलो. दादा नेहमीसारखा खिडकीजवळच्या खुर्चीत, पाठीला उशा, समोर पडदा, तोंडापाशी माइक. स्नायूंच्या दुखण्यानं त्याचे आधी हात गेले, मग चालणं गेलं, आणि आता बोलणंही जड झालंय. पण बोललेलं टाइप करणारा तो प्रोग्राम त्याचं सगळं ओळखतो. त्याच्याच जोरावर दादा दर आठवड्याला पेपरात ‘झाडाचं दुखणं’ हे सदर लिहितो. गुलाबाला कळ्या का धरत नाहीत, लिंबाची पानं पिवळी का पडतात, असं वाचक विचारतात आणि दादा उत्तरं देतो. नोकरीभर त्यानं रोपवाटिका सांभाळली, आता खुर्चीत बसून लोकांच्या बाल्कन्या सांभाळतो. मलाही त्याचं बोलणं कळतं ते पडद्यावर वाचूनच. तो बोलतो, अक्षरं उमटतात, मी वाचून उत्तर देतो. सोयीचं आहे.

आज प्रोग्राम उघडला की चौकट यायची, ‘वापरकर्त्याची सेटिंग्ज वाचता आली नाहीत’, आणि सगळं गडप. असल्या दुखण्यात माझा हातखंडा. मशीन बंद करून चालू केलं, फरक नाही. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, तरी तेच. मग त्याच मशीनवर दुसऱ्या नावानं खातं उघडून पाहिलं. तिथे बेटा लगेच चालला. म्हणजे प्रोग्राम ठणठणीत होता, दादाच्या सेटिंग्जमध्येच काहीतरी सडलं होतं. अशा वेळी सेटिंग्जच्या फोल्डरचं नाव बदलून ‘जुने’ करायचं. प्रोग्रामला वाटतं आपल्याजवळ काही सामानच नाही, मग तो गुपचूप नवं फोल्डर करतो आणि कामाला लागतो. ऑफिसातली निम्मी मशीनं मी अशीच उठवून बसवली आहेत.

दादाला ही युक्ती आवडत नाही. मागे एकदा पडद्यावर त्याचं वाक्य उमटलं होतं: ‘बारक्या, तू डॉक्टर नाहीस. आजारी झाड उपटून त्याच कुंडीत नवं लावायचं, याला इलाज म्हणत नाहीत.’ मी तेव्हाही हसलो होतो. पन्नाशीला आलो, वजन त्याच्या दुप्पट आहे, तरी त्याच्यासाठी मी बारक्याच.

"तुझं सगळं ‘जुने’ नावानं बाजूला ठेवलंय," मी त्याला सांगितलं. "रविवारी येतो आणि त्यातलं चांगलं तेवढं परत बसवतो. काळजी करू नकोस."

त्यानं डोळे मिटून मान हलवली. मी बूट घालत होतो तेव्हा तो मागून काहीतरी म्हणाला. माइक बंद होता. मी "हो, हो" म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला दुपारच्या आत ऑफिस गाठायचं होतं.

४ मार्च, बुधवार

वहिनींचा पुन्हा फोन. मशीन उघडतं, पण दादाचं एक वाक्य धड लिहीत नाही. ‘कुंडीला खालून भोक आहे का बघा’ एवढं म्हणायला सकाळ गेली आणि पडद्यावर जे आलं त्यात ना कुंडी होती ना भोक.

मी समजावलं. नव्या सेटिंग्जना दादा कोण हे माहीतच नाही. त्या प्रोग्रामला कारखान्यातून धडधाकट माणसांचं बोलणं शिकवलेलं असतं. जुन्यानं दादाला पहिल्यापासून ऐकलं होतं. दादाचा आवाज एकेक पायरी उतरत गेला आणि तोही त्याचा हात धरून उतरत गेला. रविवारपर्यंत दम धरा, म्हटलं.

"तसं आधीपण सगळं बरोबर यायचं असं नाही," वहिनी म्हणाल्या. "पाठवायच्या आधी मी थोडं नीट करायचे. हल्ली हल्ली जरा जास्तच करावं लागायचं."

म्हणजे सेटिंग्ज कधीपासूनच सडत होती. वहिनींनी तेव्हाच सांगायला हवं होतं. वेळेवर कळलं की अर्धं काम होतं, हे मी ऑफिसात सांगून सांगून थकलो, आता घरीही सांगायचं.

८ मार्च, रविवार

गेलो नाही. ऑफिसची सगळी मशीनं नव्या व्यवस्थेवर न्यायची आहेत आणि साहेबांनी रविवारच मागून घेतला. वहिनींना कळवलं, पुढच्या शनिवारी नक्की. त्या "बरं" म्हणाल्या. वहिनींचं "बरं" फार स्वस्त असतं, कशालाही मिळतं.

बायको म्हणाली, "दादांकडे तुम्ही मेकॅनिक म्हणून जाता. नुसते कधी गेला होतात?"

नुसतं जाऊन मी काय करणार? तो बोलणार, मला कळणार नाही, मग दोघं खिडकीतून बाहेर बघत बसणार. काम असलं की बरं असतं. हाताला काहीतरी असतं.

१२ मार्च, गुरुवार

या आठवड्याचं सदर गेलंच नाही. संपादक जुनंच एक पुन्हा छापणार आहेत, उन्हाळ्यात पुदिना कसा जगवावा ते.

वहिनींनी फोनवर आणखी एक सांगितलं. सकाळी मशीन लावल्यावर पडद्यावर चौकट आली होती. "काहीतरी पसारा आवरला, जागा मोकळी झाली असं लिहिलं होतं. यांनी दोनदा वाचलं आणि बंद कर म्हणाले. ते ठीक आहे ना?"

ते ठीक आहे, मी म्हटलं. दादाच्या मशीनवर जागा उरत नव्हती म्हणून गेल्या वर्षी मीच तो सफाईचा प्रोग्राम बसवून दिला होता. ऑफिससाठी मीच लिहिलेला. निदान एक गोष्ट तरी त्या मशीनवर व्यवस्थित चालू आहे.

१४ मार्च, शनिवार

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सकाळी लवकर गेलो. मशीन उघडलं, फोल्डरची जागा उघडली. नवं फोल्डर होतं. ‘जुने’ नव्हतं.

आधी वाटलं चुकीच्या जागी बघतोय. मग नावानं शोधलं, मग लपवलेल्या फाइली दिसतील असं करून शोधलं. मग एकदम आठवलं. ऑफिसात माझ्या हाताखालची पोरं दुरुस्ती करून ‘जुने’, ‘जुने दोन’, ‘जुने शेवटचे’ अशी फोल्डरं मागे टाकून जातात आणि मशीनं भरतात. त्यावर उपाय म्हणून तर मी तो सफाईचा प्रोग्राम लिहिला. ‘जुने’ नावाचं फोल्डर दिसलं आणि आठवड्यात त्याला कुणी हात लावला नसेल, तर काढून टाक. कचऱ्याच्या डब्यातही ठेवू नकोस, थेट पूस. मीच लिहिलं, मीच दादाकडे बसवलं आणि मीच त्याच्या आवाजाच्या फोल्डरला ‘जुने’ नाव दिलं. गेल्या रविवारी आलो असतो तर ते जागेवर होतं.

पुसलेलं परत आणायची सगळी साधनं लावली. या नव्या जातीच्या डिस्का मोकळी झालेली जागा स्वतःच धुऊन काढतात, काही सापडलं नाही. दुसरी प्रत रोज निघते, पण ती फक्त कागदपत्रांची. त्यात दादाची सगळी सदरं आहेत, एकूण एक. सेटिंग्ज नाहीत. कशाची प्रत काढायची त्या खुणाही मीच केल्या होत्या. सेटिंग्ज काय, पुन्हा करता येतात, असं तेव्हा वाटलं असणार.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनींनी विचारलं, "मिळालं का हो?"

मी म्हटलं, "नाही. फाइल मुळातच गेली होती. मशीन अचानक बंद केलं की असं होतं."

त्यांनी हातातला पेला ओट्यावर ठेवला. "म्हणजे मी बटण दाबलं त्यानं?"

"कधी कधी होतं तसं," मी म्हटलं.

हे अगदीच खोटं नाही. अचानक बंद केल्यानं एक फाइल बिघडली होतीच, त्याशिवाय चौकट आली नसती. मी फक्त पुढचं सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? फोल्डर थोडंच परत येणार होतं.

निघताना दादा मागून काहीतरी म्हणाला. मी "हो, हो" म्हणून जिना उतरलो.

१५ मार्च, रविवार

दिवसभर घरी. काल लक्षात आलेली एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. नव्या फोल्डरमध्ये डोकावताना दिसलं, की हा प्रोग्राम ऐकलेलं सगळं आवाजाच्या तुकड्यांत जपून ठेवतो. म्हणजे जुन्यातही होतं. अगदी पहिल्या दिवसापासून, जेव्हा दादाचे फक्त हात गेले होते आणि गळा शाबूत होता. त्या दिवशी मीच माइक लावून दिला होता आणि प्रोग्रामनं वाचायला दिलेले उतारे दादानं खणखणीत वाचले होते. मध्ये थांबून त्या उताऱ्यांच्या लेखकाची टिंगलही केली होती. ते सगळं त्यात होतं.

आमच्या घरात कुणी कुणाचं बोलणं रेकॉर्ड केलं नाही. फोटो आहेत, आवाज नाही. बायकोला विचारलं, दादाचा आवाज कसा होता गं? ती म्हणाली, "मोठा होता. जिन्यातून ऐकू यायचा." मला एवढंही आठवेना. मोठा होता हे आठवतं, पण कानात येत नाही.

मी रडलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणालो.

१८ मार्च, बुधवार

सोमवारपासून ऑफिस सुटलं की रोज दादाकडे जातो. नव्याला शिकवायला सुरुवात केली आहे. प्रोग्राम पडद्यावर वाक्य दाखवतो, दादा वाचतो, प्रोग्राम म्हणतो ‘पुन्हा बोला’. दादा पुन्हा बोलतो. तो म्हणतो, ‘थोडं स्पष्ट बोला’. दुसऱ्या कुणी दादाला असं म्हटलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. इथे मीच ते वाक्य पुढे करतो.

आज चार वाक्यांनंतर दादानं डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मी म्हटलं, अजून दोन कर, म्हणजे एक धडा पुरा होईल. त्यानं नाही केलं. हट्टी आहे. लहानपणापासून आहे.

दुसरी वाट अशी, की तो मनचं बोलेल आणि मी चुकलेला शब्द दुरुस्त करीन, म्हणजे प्रोग्राम त्यातून शिकेल. पण दुरुस्त करायला मला कळायला तर हवं. प्रत्येक शब्दाला मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "वहिनी, काय म्हणाला?" त्या हातातलं काम टाकून येतात, ऐकतात आणि सांगतात.

शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पडद्याकडे बघता. त्यांच्या तोंडाकडे बघा."

२२ मार्च, रविवार

तोंडाकडे बघून थोडं कळतं. ‘पान’ आणि ‘पाणी’ यांत तो खालचा ओठ वेगळा धरतो. ‘मुळं’ म्हणताना हनुवटी वर जाते. ‘खत’ म्हणायचं टाळतो, त्याला तो घशातला आवाज जमत नाही. त्याऐवजी ‘जेवण’ म्हणतो. झाडाला जेवण द्या. मला वाटायचं ती त्याची लिहायची ढब आहे. वाचक पत्रांतून कौतुक करायचे त्या शब्दाचं.

वहिनींचं काहीतरी बिनसलंय. मशीनला हात लावत नाहीत. टेबलावर धूळ साचली आहे, ती आजूबाजूची पुसतात आणि मशीनभोवती तेवढा चौकोन सोडतात. दादाला मशीनवर रेडिओची गाणी हवी असली तरी मी येईपर्यंत थांबवतात. "नको बाई, माझ्या हातून अजून काही व्हायचं," म्हणतात. काल तर मशीन बंद करू का विचारायला मला फोन केला. मी फोनवर ‘दाबा’ म्हणेपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही.

दादा हे सगळं बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. त्याचं ते बघणं मला सहन होत नाही. मी लगेच माइक सरळ करायला लागतो. तो सरळच असतो.

२५ मार्च, बुधवार

संपादकांचा फोन आला. भला माणूस. म्हणाले, छापलेलंच किती दिवस छापू, वाचक विचारतात. दोन आठवड्यांत नवं आलं नाही तर सदर मानानं थांबवू, निरोपाचा लेख मी स्वतः लिहितो.

मी दादाला सुचवलं, तू बोल, मी टाइप करतो, मशीनचं नंतर बघू. त्यानं मान फिरवली. शब्द सुटे सुटे करून म्हणाला आणि मला पहिल्याच खेपेला कळलं: "मग ते माझं नाही."

मी वाद घातला नाही. इतकी वर्षं ओळन् ओळ त्याच्या तोंडून पडद्यावर उतरली. मध्ये कुणाचा हात नव्हता. निदान त्याला तसं वाटू दिलं गेलं होतं, कारण वहिनी नीट करायच्या ते तो झोपल्यावर करायच्या.

त्यावरून आज एक गोष्ट उमगली. ती चार तारखेला उमगायला हवी होती. आधीपासून ज्या चुका वाढत होत्या त्या सेटिंग्जच्या नव्हत्या. मी आपला यंत्रात सडकं शोधत बसलो. दादाचा आवाजच इतक्या लवकर उतरत होता, की त्याला रोज ऐकणारा प्रोग्रामही मागे पडत होता. वहिनींना माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलंही असेल. मी विचारलं नव्हतं. मी आलो की विचारायचो, मशीन काय म्हणतंय?

म्हणजे फोल्डर राहिलं असतं तरी फार दिवस पुरलं नसतं. हे मनाशी म्हणून पाहिलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. थोडे दिवस पुरलं असतं ना, ते थोडे दिवस त्याचे होते.

२८ मार्च, शनिवार

आज दादाचा आवाज सकाळपासूनच बसलेला. प्रोग्रामनं पाच वाक्यांत एकही शब्द धरला नाही. मी ‘पुन्हा बोला’ची चौकट बंद केली आणि ती परत येणारच नाही अशी सोयही करून टाकली. दादा हसला. हसणं अजून त्याचं पूर्वीसारखंच आहे, आवाज नाही पण खांदे हलतात.

मग त्यानं मला मान हलवून जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बुधवारी. तू लिही."

१ एप्रिल, बुधवार

आज सदर लिहून झालं. माइक चालू ठेवला, प्रोग्राम आपली बाराखडी बडबडत होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी खुर्ची फिरवून दादाच्या समोर बसलो आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. शब्द कळला की मी मोठ्यानं म्हणायचो, बरोबर असला की तो डोळे मिटायचा. बऱ्याच वेळा नसायचा. दोन प्रश्न झाले. एक गुलाबाच्या किडीचा, एक शेवंतीचा. वाचकांची पत्रं वहिनींनी उभी करून ठेवली होती, त्यावरून तो सांगत होता.

मग म्हणाला, "अजून एक."

तिसरं पत्र समोर नव्हतं. मी म्हटलं, कुठलं? त्यानं नुसतं ‘लिही’ म्हटलं. मी लिहीत गेलो, एकेक शब्द, त्याच्या ओठांवरून उचलून.

‘प्रश्न: आमच्या घरातल्या एका माणसानं बाल्कनी साफ करताना बरीच वर्षं जपलेलं लिंबाचं झाड मुळासकट उपटून टाकलं. आता तो नाव मांजराचं घेतो. मांजर खाली मान घालून फिरतं. काय करावं?’

‘मांजर’ हा शब्द मला तीनदा विचारावा लागला. या घरात मांजर नाही. चौथ्यांदा विचारायच्या आत मला कळलं, आणि बोटं थांबली.

बारा तारखेला त्यानं ती चौकट दोनदा वाचली होती. त्या चौकटीतलं वाक्य माझंच आहे. ऑफिसातल्या लोकांना हसवायला मी लिहिलं होतं: ‘जुना पसारा आवरला. जागा मोकळी झाली. आता मोकळा श्वास घ्या.’ दादाला ‘जुने’ म्हणजे काय हे माहीत होतं. मीच त्याला सांगितलं होतं, काळजी करू नकोस म्हणून. मला कळायच्या दोन दिवस आधी त्याला कळलं होतं. शनिवारी मी घामाघूम होऊन शोधत होतो, तेव्हा तो मागे बसून माझी पाठ बघत होता.

"दादा," मी म्हटलं.

"लिही," तो म्हणाला. "उत्तर."

‘उत्तर: झाड परत येणार नाही, हे आधी मान्य करा. नवं रोप लावा, पण ते जुन्यासारखं होईल अशी आशा धरू नका. ज्यानं उपटलं त्याला रोज पाणी घालायला लावा, हात साफ आहे त्याचा, कामाला येईल. आणि मांजराची माफी मागायला सांगा. आजच.’

एवढं सांगायला त्याला किती त्रास झाला ते मी समोर बसून पाहिलं. शेवटच्या शब्दाला त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

मी आत गेलो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, फाइल तुमच्या बटणानं गेली नाही. तुम्ही केलं ते मला दुरुस्त करता आलं असतं. बाकी सगळं मी पुसलं. माझ्या प्रोग्रामनं. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुमच्यावर ढकललं."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "हे मला म्हणत होते, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. मला वाटलं, माझी समजूत घालतायत."

मी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी पुढचा कपडा हातात घेतला.

"मला झोप नाही हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी यांची वाचा घालवली असं वाटायचं. दोन महिन्यांनी जाणारच आहे म्हणाले होते डॉक्टर, पण मी ती आधीच घालवली असं."

मग बाहेर जाऊन त्यांनी ओल्या फडक्यानं मशीन पुसलं. सगळं, पडद्याच्या मागूनसुद्धा. माझ्याकडे पाहिलं नाही. मी आज लवकर निघालो.

५ एप्रिल, रविवार

आज सदर छापून आलं. संपादकांनी शुक्रवारी फोन करून विचारलं होतं, तिसरा प्रश्न जरा वेगळाच वाटतो, ठेवू का? मी म्हटलं, शब्दही हलवू नका. सकाळी बायकोनं ते मोठ्यानं वाचलं आणि हसत म्हणाली, "कोण हो हा मांजरावर ढकलणारा?" मी सांगितलं. तिचं हसू गेलं. मग तिनं पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "जा. आज नुसते जा."

बॅग घेतली नाही, साधनांची पेटी घेतली नाही. सकाळभर दादापाशी बसलो. बोललो फार थोडं. नव्या फोल्डरच्या प्रती आता मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि सफाईचा प्रोग्राम त्याच्या मशीनवरून काढून टाकला आहे. त्या प्रतींमधले तुकडे ऐकून पाहिले. पहिल्या आठवड्यात दादाचा एक शब्द आणि मग माझाच आवाज, "काय म्हणाला? वहिनी, काय म्हणाला?" बुधवारच्या तुकड्यात मी कमी आहे. दादाच जास्त आहे. खरखरीत, अर्धा, धापा टाकणारा, पण त्याचा. आधीचा मोठा आवाज, जिन्यातून ऐकू येणारा, आता कुठेच नाही. त्याला इलाज नाही आणि त्याला मीच कारण आहे. हे आता असंच राहणार.

दुपारी निघायला उठलो. बूट घालायला वाकणार, तेवढ्यात दादा मागून काहीतरी म्हणाला. रोज म्हणतो तेच. सवयीनं तोंडात ‘हो, हो’ आलं होतं, पण आज मी वळलो आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

आतून वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले हो?" त्याचा आवाज आता तिथवर पोहोचत नाही.

मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. "जेवून जा म्हणतोय," मी म्हटलं.

वहिनी दारात आल्या. "ते नेहमी तेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. तुम्ही हो हो म्हणता आणि निघून जाता. मला वाटायचं, तुम्हाला आमच्याकडे थांबायचंच नसतं."

मी बूट होते तिथे ठेवले आणि आत जाऊन दादाच्या खुर्चीशेजारी बसलो. वहिनींनी ताट वाढलं.